साक्ष आणि संसार : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनातील सत्य व प्रीती

१

मराठीतील ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचार बहुधा धर्मांतर या एका घटनेभोवती फिरत राहिला आहे. कोणी, कोणत्या वर्षी, कोणाच्या प्रभावाने धर्म बदलला; घरच्यांनी काय केले; समाजाने कोणता बहिष्कार घातला; हे प्रश्न अभ्यासकांनी साहजिकच आधी विचारले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतर ही खळबळजनक घटना होती आणि त्या खळबळीची नोंद वृत्तपत्रांत, न्यायालयांत व कुटुंबांच्या स्मृतींत झालेली आहे. परंतु बाप्तिस्म्याचा विधी एका दिवसाचा असतो. त्यानंतर चूल पेटवावी लागते, पाणी भरावे लागते, उसने पैसे फेडावे लागतात, आजाऱ्याच्या उशाशी बसावे लागते, आणि ज्यांना आपण दुखावले त्यांच्याशी बोलावेही लागते. स्वीकारलेली श्रद्धा या व्यवहारात कशी उतरली, हा प्रश्न मागे राहिला.

प्रस्तुत लेखात या मागे राहिलेल्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन व जीवन प्रामुख्याने समोर ठेवले आहे. ख्रिस्ती परंपरेत सत्य आणि प्रीती या दोन मूल्यांची जोडी मानली जाते. ती उच्चारण्यास सोपी असली तरी संसारात ही दोन्ही मूल्ये पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. खरे बोलावे तर जवळचे माणूस दुखावते. प्रेमाखातर गप्प राहावे तर खोटेपणा पदरी येतो. या पेचाला मराठी लेखनाने दिलेल्या उत्तरांत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चे उत्तर सर्वांत परिपक्व आहे. दुसऱ्याचे उणे ज्या मापाने मोजावयाचे त्याच मापाने स्वतःचेही उणे मोजावयाचे, आणि असे मोजून झाल्यावरच बोलावयाचे, हे त्या उत्तराचे स्वरूप होय. ते कोठे सिद्धान्तरूपाने मांडलेले नसून निवेदनाच्या रीतीत सामावलेले आहे.

२

या जोडीचे मूळ नव्या करारात आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सत्य आणि प्रीती एकाच वाक्यात येतात. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'खरे बोलणे' एवढ्यापुरता मर्यादित नाही. 'सत्याने असणे', 'सत्य आचरणे' असा व्यापक आशय त्यात आहे. हेच क्रियापद गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातही येते. तेथे खरे सांगितल्यामुळे आपण शत्रू ठरलो की काय, अशी खंत पत्रलेखकाने व्यक्त केली आहे. सत्यकथनाने स्नेह तुटू शकतो याची जाणीव या परंपरेला आरंभापासून होती, असे यावरून दिसते.

इफिसकरांस पत्राचा तो अध्याय पुढे कोणत्या गोष्टींकडे वळतो हेही पाहण्याजोगे आहे. तो दैनंदिन वागणुकीकडे येतो. लबाडी सोडून शेजाऱ्याशी खरे बोलावे, राग सूर्यास्तापलीकडे बाळगू नये, चोरी करणाऱ्याने आता हातांनी कष्ट करावे आणि त्यातून गरजवंताला द्यावे, तोंडून ऐकणाऱ्याचे हित करणारे शब्द निघावेत, अशा स्वरूपाच्या सूचना तेथे आहेत. शेजाऱ्याशी खरे बोलण्याचे कारण म्हणून आपण सर्व एकाच शरीराचे अवयव आहोत असे सांगितले आहे. म्हणजे सत्य हा येथे प्रतिपक्षाला जिंकण्याचा मुद्दा राहत नाही; ते एकमेकांशी असलेल्या बांधिलकीतून उद्भवणारे कर्तव्य ठरते.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी या संदर्भात 'प्रीती' हा शब्द रूढ केला. सामान्य मराठीत प्रीती म्हटले की शृंगाराची छटा जाणवते. 'प्रेम' हा शब्द वारकरी परंपरेत भक्तीशी जोडला गेलेला आहे. 'दया' म्हणावे तर देणारा वर आणि घेणारा खाली असा भाव येतो. ख्रिस्ती मंडळीच्या बोलण्यात 'प्रीती' हा शब्द या तिन्हींहून निराळ्या अर्थाने स्थिरावला. दुसऱ्याचे खरे हित इच्छिणे आणि त्यासाठी झीज सोसणे, असा तो अर्थ आहे. 'साक्ष' या शब्दाचेही तसेच झाले. न्यायालयातील साक्षीदार पाहिलेले सांगतो. ख्रिस्ती माणूस जगलेले सांगतो. मात्र दोघांनाही एक बंधन समान आहे : पदरचे काही घालावयाचे नाही.

मराठीत ख्रिस्ती साहित्याचा मोठा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने झाला. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापलेला हा ओवीबद्ध ग्रंथ नवख्रिस्ती समाजाच्या श्रवणासाठी रचला गेला. त्यात ख्रिस्ताची कथा आहे. ती ऐकणाऱ्यांची कथा नाही. ऐकणाऱ्याने स्वतःविषयी लिहावे, आपल्या घरात ती कथा कशी उतरली वा उतरली नाही हे सांगावे, यासाठी एकोणिसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र मराठी आत्मचरित्रवाङ्मयाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक आहे. त्यात धर्मांतरापूर्वीची दोलायमान मनःस्थिती सविस्तर आली आहे. तरुण पदमनजी काही काळ परमहंस सभेत होते. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा जातिभेद अमान्य करी. परंतु तिचे कार्य गुप्त असे. सभासद एकत्र बसून जातिबंधन मोडीत आणि घरी परतल्यावर ते पूर्ववत पाळीत. पुढे गुप्ततेचा भंग झाला आणि सभा विस्कटली.

पदमनजींच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उभा राहतो. जे मनाला पटले ते घरात लपवून ठेवावयाचे असेल, तर ते पटले असे कसे म्हणावे? 'अरुणोदय'मध्ये सत्याचा जो शोध आहे तो प्रामुख्याने या उघडपणाचा शोध आहे. तथापि एवढा उघडपणा मिळविताना आईबापांना होणारे दुःखही त्यांना दिसत होते. या ग्रंथात सत्य आणि प्रीती यांचा संघर्ष आहे. पण कल स्पष्ट आहे. सत्य प्रथम, आणि त्यामुळे दुखावलेल्यांसाठी प्रार्थना नंतर, असा तो क्रम आहे. ग्रंथाची भाषाही त्या क्रमाला साजेशी आहे. तीत शंका मांडल्या जातात, उत्तरे तपासली जातात, ग्रंथांची नावे येतात. वाचकाला पटवून देणे हा तिचा हेतू आहे.

याच लेखकाने १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील या आद्य कादंबरीत यमुना आणि तिचा पती प्रवास करताना ठिकठिकाणी विधवांच्या हकीकती ऐकतात. पुढे यमुनेवरही वैधव्य येते. येथे पदमनजींच्या सत्यकथनाला निराळे वळण मिळाले आहे. वाद करणारा लेखक मागे सरतो आणि दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणारा लेखक पुढे येतो. केशवपन, उपासमार, घरातील छळ यांची वर्णने कठोर आहेत. परंतु ती ज्यांच्यावर गुदरली त्यांच्या तोंडून आलेली असल्यामुळे त्यांत कणव आपोआप उतरली आहे. धर्मप्रसाराचा हेतू कादंबरीवर स्वार झालेला आहे हा आक्षेप खरा असला, तरी ऐकणे हेही प्रीतीचे काम आहे याची जाण या कादंबरीत आहे. वादापेक्षा ऐकण्यातून सत्य अधिक दूर पोहोचते, हे तिने नकळत सिद्ध केले.

४

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत पेच अधिक गुंतागुंतीचा झाला, कारण त्यांना दोन्ही बाजूंना खरे राहावयाचे होते. १८८३ मध्ये इंग्लंडातील वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील धर्मभगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्यांनी आसरा दिला, ज्यांच्याविषयी मनात कृतज्ञता होती, त्यांच्याशीच रमाबाई धर्मतत्त्वांबाबत निर्भीडपणे वाद घालतात. जे बुद्धीला व अंतःकरणाला पटलेले नाही त्याला केवळ अधिकारी व्यक्ती सांगते म्हणून होकार देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा शाकाहारदेखील या पत्रव्यवहारात वादाचा विषय झाला. कृतज्ञता ही प्रीतीचीच एक बाजू आहे. परंतु कृतज्ञतेपोटी खोटा होकार दिला तर प्रीतीही खोटी होते, ही त्यांची भूमिका या पत्रांतून प्रत्ययास येते.

हीच वृत्ती १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात आढळते. अमेरिकेने त्यांना साहाय्य दिले, शारदा सदनासाठी मंडळे स्थापन केली. रमाबाईंनी त्या देशाची मनापासून स्तुती केली. पण तेथील वर्णद्वेष आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय यांची नोंदही त्यांनी टाळली नाही. यजमानाचे दोष यजमानाघरच्या मिठाला जागून झाकावेत, अशी आपल्याकडील रीत असताना हे लेखन झाले, हे विसरता कामा नये.

सत्य व प्रीती यांची सर्वांत अवघड परीक्षा शारदा सदनात झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेली आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलविलेली ही संस्था उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होती. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन देण्यात आले होते. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार लावून घेत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. सल्लागार मंडळातील सुधारकांना हा वचनभंग वाटला. रमाबाईंना दार लावणे ही लपवाछपवी वाटली. १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले.

या प्रकरणात एकाच पक्षाला दोषी ठरविणे सोपे नाही. मुलींच्या पालकांनी ज्या भरवशावर त्यांना पाठविले तो भरवसा हेही एक सत्यच होते. अनाथ मुलीच्या मनात तिच्या आश्रयदात्रीविषयी जी ओढ असते ती पाहता 'स्वेच्छा' या शब्दाचा अर्थही तपासावा लागतो. उलटपक्षी, जिच्याकडे मुलींनी आई म्हणून पाहावयाचे तिने आपल्या जीवनातील मुख्य गोष्ट त्यांच्यापासून दडवावी, ही अपेक्षाही नैसर्गिक नव्हती. रमाबाईंच्या चरित्रातील हा प्रसंग जयपराजयाच्या भाषेत सांगितला जातो, तेव्हा त्यातील नैतिक अडचणच नाहीशी होते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथील मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे स्त्रिया करू लागल्या. १९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आत्मनिवेदन प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच 'साक्ष' आहे. परंतु त्यांची अधिक मोलाची साक्ष बायबलच्या भाषांतरात आहे. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधाराने, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे दिली. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या पंडितेने जाणीवपूर्वक साधी भाषा निवडावी, यात सत्य आणि प्रीती यांचा मिलाफ आहे. मूळ अर्थाशी इमान राखणे हे सत्य, आणि तो अर्थ समोरच्या बाईच्या ओंजळीत मावेल असा करणे ही प्रीती.

५

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. पती नारायण वामन टिळक यांचे निधन १९१९ मध्ये झाले होते. तोवर टिळक हे 'फुलांमुलांचे कवी' म्हणून, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक म्हणून आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापणारे संन्यस्त ख्रिस्तभक्त म्हणून सर्वांना परिचित होते. अशा पुरुषाच्या पत्नीने लिहिलेले आत्मचरित्र पूज्यभावाने ओथंबलेले असावे ही अपेक्षा अस्वाभाविक नव्हती. लक्ष्मीबाईंनी ती पुरविली नाही.

'स्मृतिचित्रे'तील टिळक लहरी आहेत, शीघ्रकोपी आहेत, नोकऱ्या धरतात आणि सोडतात, बाजारात एका कामासाठी जातात आणि भलतेच करून परततात. घरातील पैसा ते सहज दुसऱ्याला देऊन टाकतात. दात्याचे चरित्र लिहिणारा लेखक येथे थांबून औदार्याची स्तुती करील. लक्ष्मीबाई थांबत नाहीत. त्या दिवशी घरात काय शिजले, कोणाकडून काय उसने आणावे लागले, हे त्या सांगतात. अशा प्रसंगांमधून एक कटू सत्य समोर येते : एकाच्या प्रीतीची किंमत पुष्कळदा त्याच्या घरातील दुसरे माणूस मोजत असते, आणि त्या माणसाचे नाव दात्यांच्या यादीत येत नाही. ख्रिस्ती सेवाकार्याच्या वृत्तान्तांत क्वचितच आढळणारी ही गोष्ट लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा सूर न लावता नोंदविली आहे.

तक्रारीचा सूर का लागत नाही, हा या ग्रंथाच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे. विनोद हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अपुरे आहे, कारण विनोद बोचराही असू शकतो. खरे कारण असे की लक्ष्मीबाई स्वतःला सवलत देत नाहीत. टिळकांच्या रागाबरोबर त्या स्वतःचा हट्ट सांगतात. त्यांच्या विसराळूपणाबरोबर स्वतःचे अज्ञान सांगतात. त्यांच्या धर्मवेडाबरोबर स्वतःचे सोवळेवेड सांगतात. हे वेड त्यांना माहेरी वारशाने मिळाले होते. घरात येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत मजल गेलेल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत ग्रंथाच्या आरंभीच येते. त्या घरातून आलेल्या बाईला पतीचे धर्मांतर काय वाटले असेल, याची कल्पना वाचकाला द्यावी लागत नाही. ज्या ठिकाणी दोघांचेही उणे सारख्याच उजेडात मांडले जाते, तेथे आरोप उरत नाही. दोन माणसांची गोष्ट उरते.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. येथे टिळकांच्या बाजूनेही सत्य व प्रीती यांचा पेच पाहावयास हवा. जे पटले ते न स्वीकारावे तर सद्सद्विवेकाशी प्रतारणा. स्वीकारावे तर पत्नीच्या नशिबी जिवंत नवऱ्याचे वैधव्य. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाविषयीचा १८६६ चा कायदा अस्तित्वात होता. धर्मांतरामुळे सोडून गेलेल्या जोडीदारापासून मोकळे होऊन पुन्हा विवाह करण्याची वाट त्याने उपलब्ध करून दिली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी आपले सत्य सोडले नाही आणि पत्नीने ते स्वीकारावे अशी अटही घातली नाही. ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई त्या काळात नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरी होत्या. दुःखाचा, संतापाचा, लोकांच्या बोलण्याचा तपशील त्यांनी दिला आहे. प्रतीक्षा करणाऱ्या पतीचे श्रेय मान्य करताना प्रतीक्षेला कारण झालेला आघात त्यांनी पुसून टाकला नाही.

काही वर्षांनी त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांनी आपले सोवळे सांभाळले आणि टिळकांनी त्यात आडकाठी केली नाही. एका संसारात दोन धर्म नांदण्याचा हा काळ 'स्मृतिचित्रे'तील सर्वांत अर्थपूर्ण भागांपैकी आहे. जातिभेद ही देवाची करणी की माणसाची, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच सोडविला आणि जातिबंधन टाकले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पदमनजींच्या आत्मचरित्रात ग्रंथांचे वाचन व वादविवाद यांतून निर्णय येतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचार आधी बदलला आणि त्या बदललेल्या आचाराला धर्माचे नाव नंतर मिळाले. त्यांना कोणी वादात हरविले नव्हते. त्यांच्या सत्याला पिकण्यास अवधी देण्यात आला होता. प्रीती सत्यासाठी काय करू शकते याचे हे उदाहरण होय : ती घाई करीत नाही.

बाप्तिस्म्यानंतरच्या लेखनात श्रद्धा हा शब्द फारसा येत नाही, कामे येतात. दुष्काळातील पोरकी मुले, प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा, घरी राहावयास आलेली माणसे. या माणसांत बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हेही होते. टिळकांच्या घरात त्यांचा वावर मुलासारखा होता. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्या घरातील त्यांच्या ताटाला उणेपणा आला नाही. त्यांच्या खोड्या, रुसवे, लहरी लक्ष्मीबाईंनी ज्या आपुलकीने टिपल्या आहेत, तीत कोणताही धार्मिक हिशेब नाही. मिशनच्या अहवालात ज्यांची नोंद होऊ शकली नसती अशी ही प्रीती आहे आणि साहित्याने ती जतन केली.

६

लक्ष्मीबाईंच्या या सत्यकथनाला त्यांच्या भाषेचे मोठे साहाय्य झाले. मिशनरी प्रभावाखाली एक विशिष्ट 'पाद्री मराठी' घडली होती. इंग्रजी वाक्यरचनेच्या सावलीत वाढलेली आणि ठरावीक शब्दांत अडकलेली ही भाषा अनुभवापेक्षा सूत्रे सांगण्यास सोयीची होती. अशा भाषेत पश्चात्ताप, कृपा, तारण हे शब्द इतक्या सहज येतात की त्यांच्यामागे काही घडले की नाही हे कळू नये. ना. वा. टिळकांनी या भाषेला अभंग व भजन यांची जोड देऊन ख्रिस्ती उपासनेला देशी वळण दिले. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भावना प्रसिद्धच आहे. लक्ष्मीबाईंनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी स्वयंपाकघरात बोलली जाणारी, म्हणींनी व नेमक्या क्रियापदांनी भरलेली बायकी मराठी आणली. रीतसर शिक्षण न मिळाल्यामुळे या भाषेवर ग्रांथिकतेचा लेप चढलेला नव्हता. तीत मोठे शब्द वापरून सुटका करून घेता येत नाही. राग आला तर राग आला असेच म्हणावे लागते. भाषेचा खरेपणा आणि जीवनाचा खरेपणा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे 'स्मृतिचित्रे'तून जितके स्पष्ट होते तितके धर्मपर निबंधांतून क्वचितच होते.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की लक्ष्मीबाईंच्या प्रसन्न निवेदनामुळे संसारातील अन्याय सुसह्य भासतो. पतीचा तापटपणा, पत्नीला न विचारता घेतलेले निर्णय, यांकडे वाचक हसत हसत पाहतो आणि त्यातील अन्यायाची धार बोथट होते. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र धार बोथट होत असली तरी घटना लपविली गेलेली नाही. आजची स्त्रीवादी समीक्षा ज्या पुराव्यांवर बोट ठेवते ते पुरावे लक्ष्मीबाईंनीच पुरविलेले आहेत. निष्कर्ष वाचकाचा, साक्ष त्यांची, असा हा व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना पुढे येणारी नावे बहुतांशी उच्चवर्णीय धर्मांतरितांची असतात. अहमदनगर, जालना इत्यादी भागांत ख्रिस्ती झालेला मोठा समाज महार, मांग इत्यादी जातींतून आलेला होता. त्यांच्या दृष्टीने श्रद्धा जगणे म्हणजे सोवळे सोडणे नव्हते. सोडण्यासाठी त्यांच्याजवळ सोवळे नव्हतेच. मंडळीत एका बाकावर बसावयास मिळते का, जुनी जात नव्या धर्मात मागोमाग येते का, मुलाला शाळेत कोणत्या नावाने हाक मारतात, हे त्यांचे प्रश्न होते. या अनुभवांचे आत्मपर लेखन तुलनेने थोडे झाले आणि जे झाले त्याची दखल साहित्येतिहासाने पुरेशी घेतली नाही. सत्य व प्रीती यांची चर्चा या साक्षींवाचून अपुरीच राहील. लक्ष्मीबाईंचे माप येथे साहित्येतिहासालाही लावले पाहिजे : आपले उणे त्याने स्वतःहून सांगावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेचे एक केंद्र वसईकडे सरकले. तेथील ख्रिस्ती समाज शतकानुशतके जुना असल्यामुळे धर्मांतर हा त्याच्या लेखनाचा विषय राहिला नाही. गाव, शेती, पाणी आणि शेजार हे विषय झाले. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी वसईतील हिरवा पट्टा वाचविण्याच्या चळवळीत, दहशतीला न जुमानता, धर्मभेद ओलांडून लोकांना एकत्र आणले आणि पुढे 'सुबोध बायबल' सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लक्ष्मीबाईंच्या घरात जे सत्य पतिपत्नींमध्ये बोलले जाई ते येथे सत्ता व पैसा यांच्यासमोर बोलले गेले. क्षेत्र बदलले, तरी श्रद्धेची कसोटी रोजच्या व्यवहारातच लागते हे सूत्र कायम राहिले.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पदमनजींच्या लेखनात सत्य हे उघडपणाच्या रूपाने येते. त्याची किंमत ते मोजतात आणि इतरांनाही मोजावयास लावतात. रमाबाईंच्या जीवनात सत्य सद्सद्विवेकाच्या व प्रीती सेवेच्या रूपाने येते. ही दोन्ही एकमेकांवर आदळतात तेव्हा होणारी हानी त्यांनी सोसली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ती दोन्ही एका निवेदनात सामावतात, कारण निवेदन करणारी व्यक्ती स्वतःला न्यायाधीशाच्या जागी न बसविता साक्षीदाराच्या जागी उभी करते. मृत पतीविषयी खरे लिहिणे हा त्याच्यावरील प्रीतीचा अभाव नव्हता. ज्याला देव्हाऱ्यात बसविले त्याच्याशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यावर प्रेमही करता येत नाही. त्याची केवळ पूजा होऊ शकते. लक्ष्मीबाईंनी टिळकांना देव्हाऱ्यातून काढून पुन्हा घरात आणले.

मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात प्रांजळपणा हा गुण वारंवार वाखाणला जातो. तो कशातून निर्माण होतो याचा विचार मात्र कमी होतो. वर पाहिलेल्या लेखनापुरते बोलावयाचे तर, त्यामागे एक धर्मश्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेने शेजाऱ्याशी खरे बोलण्याचे घातलेले बंधन आहे. हे बंधन पाळताना शेजारी आपलाच अवयव आहे याचा विसर पडू न देणे, ही त्यातील अवघड बाब. अहमदनगर, जालना, केडगाव, वसई येथील मंडळ्यांच्या दप्तरांत, जुन्या नियतकालिकांत व घरोघरच्या वह्यांत अशा साक्षी अजून विखुरलेल्या असणे संभवते. मंडळीतील ज्या स्त्रियांची व दलितांची नावे साहित्येतिहासात नाहीत, त्यांनी आपला रोजचा दिवस कसा नोंदविला, याचा शोध अभ्यासकांनी घ्यावयास हवा.